दाताला आटे नसतात

मित्रांनो, मला एका जागी गप्प राहता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्याला माझा इलाज नाही, माझी घडणच तशी आहे. माझ्या पोटात मळसूत्रासारखा पीळ असलेला एक दांडा आहे आणि त्याच्या टोकाला गोल मूठ आहे. ती मूठ मागे ओढली की मी स्वतःभोवती गरगर गिरक्या घेते. तारेची दोन टोकं माझ्या चोचीत धरलेली असली, तर माझ्या गिरकीबरोबर त्यांची घट्ट वेणी विणली जाते. साध्या पकडी नुसत्या आ करतात आणि मिटतात. मी नाचते. विमानाच्या इंजिनाला सेफ्टी वायर बांधायची मी पक्कड आहे, जरा जुनी झालेली, पण अजून चुळबुळी.

सेफ्टी वायर म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिन सुरू झालं की ते थरथरतं, आणि थरथरणाऱ्या वस्तूवरचे बोल्ट आपल्या आट्यांवरून, म्हणजे अंगावरच्या पिळावरून, हळूहळू सैल व्हायला बघतात. बोल्टांचा स्वभावच असा की कुणाचं लक्ष नसलं की जरा फिरून घ्यावं. मला त्यांची ही ओढ कळते, माझीही तीच आहे. पण ते आकाशात सुटले तर खाली उतरून आवळायला वेळ कुठून आणणार? म्हणून त्यांच्या डोक्यांत आरपार बारीक भोकं असतात. एका बोल्टाच्या भोकातून तार ओवायची, त्याच्या डोक्याला वळसा घालायचा, वेणी घालत शेजारच्या बोल्टापर्यंत न्यायची, त्याच्या भोकातून काढायची आणि उरलेली शेपटी पिळून आत दुमडायची.

खरी गोम आहे ती वळशाच्या बाजूत. वळसा बरोबर बाजूनं घातला, तर एक बोल्ट सैल व्हायला निघाला की तार दुसऱ्याला आणखी आवळते. दोन खोडकर भावंडांना एकमेकांचा हात धरून उभं करावं, तसं. एकानं पळायचं म्हटलं की दुसरं त्याला खेचून आणतं. पण वळसा उलट्या बाजूनं पडला, तर? दिसायला तार अगदी तशीच दिसते, चकचकीत आणि शहाणी. फक्त बोल्ट सुटायला लागला की ती ढिली पडते आणि त्याला खुशाल जाऊ देते.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. लालभडक पोलादावर घणाचे दणके, मग चर्रकन तेलात बुडी, मग कानशीचा खरखराट. लहानपणाचं मला एवढंच आठवतं. तिथून मी मोठ्या विमानांच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथले मिस्त्री मला हातात घेतल्याशिवाय इंजिनाजवळ जात नसत. "ही हातात असली की तार आपल्या पायानं चालते," असं ते म्हणायचे आणि मी आणखी जोरात फिरायचे. ते निवृत्त झाले आणि माझे दिवसही फिरले. मी भंगार हत्यारांच्या पेटीत पडले. कुणी मला हातोडी म्हणून वापरलं, कुणी माझ्या टोकानं रंगाचे डबे उघडले, एका महाशयांनी तर माझ्यात अक्रोड फोडले. फिरायचं म्हणून कुणीच वापरलं नाही. दांडा गंजून जाम झाला. मित्रांनो, ज्याला फिरल्याशिवाय करमत नाही, त्याला जाम होऊन पडणं म्हणजे काय असतं, ते शेवटच्या तासाला बाकावर बसलेल्या तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

मग एका जुन्या बाजारात एका बाईंनी मला उचललं. त्यांची बोटं लांब आणि स्वच्छ होती आणि त्यांना औषधाचा वास येत होता. त्यांनी मूठ ओढून पाहिली, मी कुरकुरले. त्यांनी पर्समधून लांब दांड्याचा छोटा आरसा काढून माझ्या पोटात डोकावून पाहिलं.

"कीड नाहीये, नुसता गंज आहे," त्या म्हणाल्या. "वाचेल."

त्या दातांच्या डॉक्टर होत्या. मुलांच्या वाकड्या दातांना तारा लावून ते सरळ करायचे, हा त्यांचा रोजचा उद्योग. आणि सुट्टीच्या दिवशी त्या विमान बांधत होत्या. खेळण्यातलं नव्हे, खरं, दोन माणसं बसतील असं.

विमान गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीजवळ, पत्र्याच्या एका शेडमध्ये उभं होतं. डॉक्टरबाईंच्या मदतीला त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याला त्या बारक्या म्हणायच्या. हा बारक्या दारातून आत येताना मान खाली घालायचा, एवढा उंच, आणि बाजूही जवळजवळ भरून टाकायचा. तो सिटी बस चालवायचा. विमान चालवायचा परवानाही त्यानं काढला होता, त्यामुळे ताईनं बांधायचं आणि बारक्यानं उडवायचं असं ठरलेलं. इंजिनावरच्या झाकणाला तो बॉनेट म्हणायचा. ताईनं पुष्कळदा सुधारलं, पण तो काही सुधारला नाही.

तिसऱ्या होत्या बारक्याची बायको. त्या टेलर होत्या. विमानातल्या दोन्ही सीटांची कव्हरं त्यांनी शिवली होती, इतकी नेटकी की डॉक्टरबाई त्यावर हात फिरवत बसायच्या. पण विमान त्यांना मुळीच आवडत नव्हतं.

"एवढी छान कव्हरं शिवलीस आणि बसून नाही बघणार?" बारक्या विचारायचा.

"मी पाहुण्यांसाठी चादरीही छान शिवते. म्हणून पाहुण्यांच्या घरी राहायला जात नाही," त्या म्हणायच्या.

हसायचे सगळे, पण उडायचं नाव निघालं की टेलरबाई आपल्या टाचण्या पुन्हा पुन्हा मोजताना मी पाहिल्यात.

शेडच्या भिंतीवर आम्हा हत्यारांचा बोर्ड होता. प्रत्येकाला एक खिळा आणि खिळ्यामागे त्याच्याच आकाराची पांढरी रंगवलेली सावली. पान्याची सावली पान्यासारखी, माझी माझ्यासारखी. वर डॉक्टरबाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एकही जागा रिकामी असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. कारण हरवलेलं हत्यार बहुतेक वेळा इंजिनातच विसरलेलं असतं. खरं सांगायचं तर मला त्या खिळ्याचा राग यायचा. सगळे पाने तिथं शहाण्या मुलांसारखे लटकायचे आणि मी वाऱ्याची झुळूक आली की डुलायला बघायचे.

विमान तयार झालं. सरकारी तपासनीस आले, आडवे झाले, उभे झाले, टॉर्च मारून सगळं पाहून मान डोलावून गेले. पहिल्या उड्डाणाचा दिवस ठरला. आणि आदल्या दिवशी जमिनीवर इंजिन चालवून बघताना मागच्या बाजूनं तेलाचा एक थेंब ठिपकला. तेलाच्या पंपाचं पॅकिंग बसकं निघालं. बोल्ट काढून ते बदलायचं, बोल्ट पुन्हा आवळायचे आणि त्या दोन बोल्टांना नवी तार बांधायची, एवढंच काम होतं. बारक्या ड्यूटीवर होता. डॉक्टरबाईंनी उड्डाणाच्या दिवशी सकाळीच, दवाखान्यात जायच्या आधी, पांढरा कोट घालूनच ते उरकायला घेतलं.

हे दोन बोल्ट इंजिनाच्या पाठीला होते, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून. समोरून त्यांची डोकी दिसायचीच नाहीत. डॉक्टरबाईंना त्याचं काय? आयुष्यभर त्यांनी तोंडात आरसा घालून मागच्या दाढा पाहिल्या होत्या. त्यांनी लांब दांड्याचा आपला तोच गोल आरसा फटीत धरला, आरशात बघत तार ओवली, वळसा घातला आणि मला बोलावलं.

मी चोचीत तार धरली. मूठ ओढली गेली. पहिल्याच गिरकीत माझ्या अंगावर काटा आला.

बोल्ट मला विरोध करत नव्हता. बरोबर बांधलेला बोल्ट तारेला ताणून धरतो, रुसल्यासारखा. हा मात्र तारेबरोबर मजेत यायला तयार होता. वळसा उलटा पडला होता. आरशात घड्याळाचे काटे उलटे फिरतात, मित्रांनो. समोरून न दिसणारं डोकं आरशात दिसतं, तेव्हा आवळायची बाजू सैल करायच्या बाजूसारखी दिसते आणि सैलाची आवळायच्या. दाढेत याचा कधी प्रश्नच आला नव्हता. दाढ डावीकडची की उजवीकडची यात बाईंचा हात झोपेतही चुकला नसता, पण दाढ काही फिरवून बसवायची नसते.

मी फिरले खरी, पण अडखळत फिरले. कुरकुरले. एकदा तर चोचीतून तार सोडूनही दिली.

"आज हिला काय झालंय?" डॉक्टरबाई पुटपुटल्या आणि माझ्या दांड्यावर तेलाचा थेंब सोडला. बोलता येत नसलेल्याचं असं होतं. आपण आरडाओरडा करतो आणि समोरचा तेल घालतो.

वेणी सुरेख झाली. शेपटी कापून दुमडायची, तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यात एक मुलगा आला होता, त्याच्या दातांची तार सुटून गालात रुतली होती आणि तो रडून दवाखाना डोक्यावर घेत होता. बाईंनी घाईघाईत शेपटी वाकवली, वरचं झाकण बसवलं आणि मला कोटाच्या खिशात टाकून पळाल्या. मी खिशात आहे हे त्या शेडच्या दारातच विसरल्या.

तो दिवस मी कसा काढला, ते माझं मला माहीत. खिशात माझ्याबरोबर एक रुमाल होता, दोन पेनं होती आणि अंधार होता. बाहेर मुलं आ करत होती, पाणी गुळण्यांत खुळखुळत होतं, बाई गोड आवाजात "झालंच हं" म्हणत होत्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती शहाणी दिसणारी तार. इंजिन थरथरणार. बोल्ट सैल होणार. तार म्हणणार, जा बाबा. तेल वाहून जाणार आणि कोरडं इंजिन आकाशात जागच्या जागी जाम होणार. जाम होणं काय असतं ते मला ठाऊक होतं. आणि त्या इंजिनामागे बारक्या बसलेला असणार होता.

संध्याकाळी वारा पडतो, तेव्हा उडायचं ठरलं होतं. डॉक्टरबाई दवाखान्यातून थेट आल्या, कोट अंगावरच. शेडबाहेर धावपट्टीवरची चार-सहा ओळखीची मंडळी जमली होती. टेलरबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. आणि बारक्या बोर्डासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"ताई, पक्कड कुठंय?"

"कुठली?"

"नाचरी. जागा रिकामी आहे बघ."

"असेल इथंच कुठेतरी. बाकावर बघ."

"बाक बघितला. खालीही बघितलं. नाहीये."

"अरे, वारा किती छान पडलाय. तासाभरात अंधार होईल. एका पकडीसाठी थांबायचं?"

"बोर्डावर कुणी लिहिलंय?"

"मीच लिहिलंय."

"मग झालं तर. डेपोत माझ्या बसचा एक दिवा गेला तरी मी गाडी काढत नाही, हे तर विमान आहे. सकाळी तार तूच बांधलीस ना? पक्कड आत पडली असेल."

मी खिशात उसळू पाहत होते. पण उसळायला मूठ कुणीतरी ओढावी लागते.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. बाहेरची मंडळी घड्याळं बघायला लागली. वरचं झाकण पुन्हा निघालं. टॉर्च आला. फटीफटीतून शोध झाला. मी कुठे असणार? शेवटी बारक्या म्हणाला, हत्यार पडलं तर ते खालीच जाणार, म्हणून खालचं झाकणही काढू. सकाळी ते कुणी काढलं नव्हतं. डॉक्टरबाई चाकाच्या दांड्याशेजारून पाठीवर सरकत आत गेल्या आणि इंजिनाच्या पोटाखालून वर बघायला लागल्या. इथून त्या दोन बोल्टांची डोकी तिरपी का होईना, पण सरळ दिसत होती, मधे आरसा नव्हता.

सरकताना मी त्यांच्या कमरेत टोचले. त्या कळवळल्या, खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"सापडली?" बारक्यानं वाकून विचारलं.

"खिशात होती," आतून बारीक आवाज आला.

बाहेर हशा पिकला. बारक्यानं कपाळावर हात मारला. "पेशंटच्या तोंडात नाही विसरलीस, हे नशीब. चल, ये बाहेर. उजेड आहे अजून."

पण डॉक्टरबाई बाहेर येईनात. त्यांच्या हातातला टॉर्च वरच रोखलेला होता. त्यांनी एक बोट तारेवर ठेवलं आणि वळशावरून हळूहळू फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग टॉर्च दातांत धरून मोकळा हात हवेत आवळल्यासारखा वळवून पाहिला. मी त्यांच्या दुसऱ्या मुठीत होते. त्या मुठीची पकड घट्ट झाली.

मित्रांनो, त्या क्षणी त्या गप्प राहिल्या असत्या, तर कुणालाही काही कळलं नसतं. बाहेर माणसं खोळंबली होती. त्यांनी इतकी वर्षं बांधलेलं विमान उडायचं होतं. शिवाय दारात बसलेल्या भावजयीला त्यांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, अगं, माझ्या हातची तार आहे, तू कशाला घाबरतेस.

"बारक्या," त्या म्हणाल्या, "आज उडायचं नाही."

"का?"

"मी तार उलटी बांधलीय. आरशात बघून बांधली."

हशा थांबला. बारक्या गुडघ्यांवर बसला, मग पोटावर झोपला आणि ताईशेजारी डोकं घालून वर बघितलं.

"दाताला आटे नसतात ना, ताई," तो हळूच म्हणाला. "म्हणून झालं."

टेलरबाई स्टुलावरून उठल्या होत्या. "उलटी म्हणजे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. पांढरा कोट तेलानं माखला होता. त्यांनी खाली बघत सांगितलं, "बोल्ट सुटायला लागला असता तर तारेनं त्याला अडवलं नसतं."

"आणि मग?"

"तेल गेलं असतं."

"तेल गेलं की?"

बारक्यानं झाकणाचे स्क्रू गोळा करायला घेतले. टेलरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. मला वाटलं, आता या रडतील किंवा हे विमान विकून टाका म्हणतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "ती पक्कड हरवली नसती तर?"

बाहेरची मंडळी एकेक करून निघून गेली.

मग त्याच संध्याकाळी काम सुरू झालं. जुनी तार कापून काढली. एकदा पिळलेली तार पुन्हा वापरत नाहीत, ती आतून थकलेली असते. बोल्ट पुन्हा पान्यानं तपासून आवळले. आरसा पेटीत गेला. डॉक्टरबाईंनी खालून, सरळ डोळ्यांनी, नवी तार ओवली. मी चोच घट्ट धरली आणि पहिल्या गिरकीलाच बोल्ट रुसला. ताणून धरलं त्यानं. हे रुसणं मला किती गोड वाटलं, काय सांगू. मी सुसाट फिरले, सरळ, न अडखळता.

बारक्यानं तपासलं, ठीक म्हणाला. डॉक्टरबाईंचं समाधान होईना.

"तूही बघ," त्या भावजयीला म्हणाल्या.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. वेणीवर बोट ठेव आणि ओढून बघ. बोल्ट कुठे जाऊ बघतो ते सांग."

"आणि मी चुकीचं सांगितलं तर?"

"तर मी परत बांधीन. पण मी बांधलेलं मीच बघितलं की मला बरोबरच दिसतं, गं. सकाळीही दिसलं होतं."

टेलरबाईंनी चष्मा नीट बसवला आणि त्या विमानाखाली गेल्या. पहिल्यांदाच. आतून त्यांचा आवाज येत राहिला. "हा इकडे ओढतोय. म्हणजे आवळायच्या बाजूला, हो ना? हाही तसाच. थांबा, हे टोक बोटाला लागतंय. दुमडलेलं नाही नीट."

"कुठलं?" डॉक्टरबाई घाईनं वाकल्या.

"हे. अहो, असं टोक मी कॉलरमध्ये ठेवलं, तर गिऱ्हाईक परत यायचं नाही."

शेपटी पुन्हा दुमडली गेली, माझ्याच चोचीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण झालं. मी ते पाहिलं नाही, कारण मी बोर्डावर, माझ्या सावलीवर होते आणि शेडच्या भिंतीला खिडकी नाही. इंजिन घुमायला लागलं तसा पत्रा थरथरला, खिळा थरथरला, मीही थरथरले. आवाज पळत गेला, मग उचलला गेला, मग लांब झाला. आणि मग नुसती शांतता. टेलरबाई बाहेर गेल्याच नव्हत्या. त्या बोर्डासमोर उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या, एकेकाला बोट लावत, पाना, स्क्रू ड्रायव्हर, कानस, मी. शेवटच्या हत्यारापर्यंत पोचल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाहेरून डॉक्टरबाईंच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, खडीवर कर्रकर्र. मला वाटलं, मी एकटीच चुळबुळी नाही या घरात.

आवाज परत आला तेव्हा टेलरबाईंचं बोट माझ्यावर होतं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि मुठीत धरूनच त्या बाहेर धावल्या. म्हणून उतरणं मात्र मला दिसलं. चाकं टेकली, उडी मारली, पुन्हा टेकली. पंखा थांबला. बारक्या खाली उतरला. त्याचा चेहरा उजळला होता.

"कसं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

त्यानं नुसतं ताईला उचललं आणि खाली ठेवलं. मग बायकोकडे वळला, हात पसरून.

"ते नंतर," टेलरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "आधी बॉनेट उघडा. इंजिन गार झालं की मला तार बघायचीय."

तेव्हापासून तार बांधतात डॉक्टरबाई आणि ती बघतात टेलरबाई. त्यांनी हो म्हटल्याशिवाय बारक्या विमानात पाय ठेवत नाही, आणि तिसऱ्या उड्डाणाला मागच्या सीटवर, स्वतः शिवलेल्या कव्हरवर, त्या स्वतः बसल्या.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना तोंड असतं पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून एवढं कराल का? जे काम तुम्हाला सगळ्यांत चांगलं जमतं, ते झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी दुसऱ्या बाजूनं बघायला बोलवा. आपल्याच कामात चूक सापडली, तर माणसं जमलेली असली तरी सांगून टाका. आणि कुणी तुम्हाला बोलावलं, तर "मला काय कळतंय" म्हणत दारात बसून राहू नका. आत जा, आडवे व्हा आणि तारेवर बोट ठेवून बघा.